आधी जमिनीचं विचारा: प्रेअरीवरच्या वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या आयुष्याची नोंद कशी करावी

प्रेअरीवरच्या, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या सपाट गवताळ मुलखातल्या, नव्वदीतल्या शेतकऱ्याला "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: सांगण्यासारखं काही नाही, आम्ही आपली शेती केली. पुढे काय विचारावं ते आपल्याला सुचत नाही आणि गप्पा पावसापाण्यावर येऊन थांबतात. त्याच माणसाला "तुमचा पहिला क्वार्टर कुठला?" असं विचारून बघा. (क्वार्टर म्हणजे जमिनीचा १६० एकरांचा चौकोनी तुकडा.) दगड कुठल्या कोपऱ्यात निघायचे, कुठल्या साली पेरलेलं सगळं गारपिटीत गेलं, कुंपणाच्या तारा कुणाबरोबर ओढल्या, हे सगळं सांगता सांगता तास निघून जातो. त्यातच बायको येते, भाऊ येतो, लहानपणी गेलेलं एखादं मूलही येतं. जमिनीवरून माणसापर्यंत जायचं, ही या लेखातली मुख्य गोष्ट. बाकीच्या सगळ्या सूचना तिच्या मागून येतात.

कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मराठी माणसांसाठी मी हे लिहिते आहे. आपल्यापैकी काहीजणी केअर होममध्ये काम करतात, काहींच्या शेजारी निवृत्त शेतकरी राहतात. हे काम त्यांच्या घरच्यांनीच करायला हवं, आपण कोण, असं वाटणं साहजिक आहे. पण घरच्यांना वाटत असतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाहीत. आपल्याला खरोखरच काही ठाऊक नसतं. त्यामुळे समोरचा माणूस पहिल्यापासून, नीट उलगडून सांगतो. बाहेरून आलेल्या माणसाला मिळालेली ही मोठी सोय आहे, तिचा संकोच करू नका.

शिवाय ओळख काढायला एक खरा धागा आहे, तो म्हणजे मसूर. सस्कॅचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये 'लेअर्ड' आणि १९८० मध्ये 'एस्टन' या मसुराच्या जाती आणल्या आणि गव्हाच्या या मुलखात डाळी रुजल्या. इथला मसूर आणि पिवळा वाटाणा भारतात जातो. २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर आयातशुल्क लावलं तेव्हा त्याची झळ इथल्या शेतकऱ्यांना बसली. "तुम्ही मसूर पेरायचात का? आमच्या घरी तो रोज शिजतो," एवढं म्हणा. मग ते तुम्हाला विचारू लागतात, आमटी कशी करता, रगडा म्हणजे काय. बोलणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं की निम्मं काम झालं.

जाण्यापूर्वी घरी करायची तयारी

प्रथम वयाचं गणित मांडा. आज नव्वदीत असलेल्या माणसाचा जन्म १९३५ च्या आसपासचा. म्हणजे १९३० च्या दशकातला दुष्काळ, धुळीची वादळं, इंजिन काढून घोड्यांना जुंपलेल्या मोटारी, म्हणजे 'बेनेट बग्गी', या त्यांच्या आईवडिलांच्या गोष्टी. स्वतः त्यांनी पाहिलं ते वेगळं: घोडे जाऊन ट्रॅक्टर आले, एका खोलीच्या शाळा बंद झाल्या, १९४७ च्या हिवाळ्यातल्या हिमवादळात आगगाड्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. सस्कॅचेवानमध्ये १९४९ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर पन्नासच्या दशकात शेताशेतावर वीज आली, १ जुलै १९६२ ला तिथे सरकारी आरोग्य विमा सुरू झाला. हे माहीत असलं की ऐकीव गोष्ट कुठली आणि आठवण कुठली, हे तुम्हाला बसल्या जागी कळतं. दोन्ही लिहायच्या, पण वेगळ्या करून.

मग जमिनीचा पत्ता समजून घ्या. प्रेअरीची मोजणी चौकोनांत झाली आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद एवढी एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचा चौथा भाग तो क्वार्टर, १६० एकर. गुंठ्यात सांगायचं तर ६,४००. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली दहा डॉलर भरून एक क्वार्टर नावावर घेता येत असे. अट अशी की तीन वर्षं, दर वर्षी सहा महिने तिथे राहायचं, घर उभं करायचं आणि माळ मोडून जमीन लागवडीला आणायची.

'एनई १४-२३-१८ डब्ल्यू २' असं लिहिलेलं दिसलं तर ते आपल्या गट नंबरासारखं समजा. दुसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीच्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पश्चिमेला अठरावी रेंज (टाउनशिपांची उभी रांग), अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे तेविसावी टाउनशिप, त्यातला चौदावा सेक्शन आणि त्याचा ईशान्येकडचा क्वार्टर. जुन्या लोकांना हा पत्ता फोन नंबरापेक्षा पाठ असतो. तो विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. पुढचे सगळे कागद त्याच्यावरून सापडणार आहेत.

तिसरी तयारी म्हणजे गावाचं पुस्तक. १९८० मध्ये सस्कॅचेवान प्रांताला ७५ वर्षं झाली, तेव्हा गावोगावच्या समित्यांनी आपापल्या भागाचे इतिहास काढले. मॅनिटोबा आणि अल्बर्टातही असे ग्रंथ भरपूर आहेत. जाडजूड, कापडी बांधणीचे, कुटुंबांच्या नावांप्रमाणे लावलेले. गावच्या लायब्ररीत ते बहुधा असतात. आपल्या माणसाच्या कुटुंबाचं पान आधी वाचून जा. मात्र त्यातला मजकूर बहुधा त्या त्या कुटुंबाने स्वतः लिहून दिलेला असतो. भांडणं, कर्ज, वाटण्या त्यात येत नाहीत. गाव सोडून गेलेल्यांची पानं नसतात. शेतमजुरांना, एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्यांना, मुख्य रस्त्यावर कॅफे चालवणाऱ्या चिनी कुटुंबाला बहुतेक दोन ओळीच मिळतात. त्या रिकाम्या जागा हेरून ठेवा, प्रश्न तिथूनच सुचतील.

काही शब्दही तयार ठेवा, म्हणजे दर वाक्याला अडवावं लागणार नाही. स्लू म्हणजे शेतातलं पाणथळ. डगआउट म्हणजे जनावरांच्या पाण्यासाठी खणलेलं तळं. इथे ब्लफ म्हणतात ते झाडांच्या पुंजक्याला. समरफॅलो म्हणजे ओल धरून ठेवण्यासाठी एक हंगाम पडीक ठेवलेली जमीन. कापलेल्या पेंढ्या सुकायला उभ्या करून ठेवत, त्या स्टूक. डिनर म्हटलं की दुपारचं जेवण समजा, रात्रीचं ते सपर.

केव्हा जावं, कसं बसावं

मे महिन्यात पेरणी असते, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कापणी. निवृत्त झालेला माणूससुद्धा त्या दिवसांत मुलाच्या शेतावर धान्याचा ट्रक चालवत असतो, निदान खिडकीतून आभाळाकडे बघत असतो. जानेवारी ते मार्च हा बोलण्याचा काळ. वेळ सकाळी दहाची घ्या. दुपारी डोळा लागतो आणि संध्याकाळी थकवा येतो.

पहिल्या भेटीत रेकॉर्डर नको. ओळख करून द्या, कशासाठी आलात ते सांगा, चहा-कॉफी घ्या. वयाने एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं आपल्या जिभेवर येत नाही. आडनावापुढे मिस्टर किंवा मिसेस लावून सुरुवात करा. बहुतेकजण लगेच "मला नावानेच हाक मार" म्हणतात, तेव्हा त्यांचं ऐकावं. जाताना घरचं काही करून न्या. चकल्या नेहमीच आवडतात, फक्त दात आहेत का ते आधी बघा. नसतील तर बेसनाचे लाडू.

संमती तोंडी नको, लेखी घ्या. एका पानावर साध्या वाक्यांत लिहा: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कुठे ठेवणार, नको असलेला भाग पुसता येईल का. खाली सही आणि तारीख. केअर होममध्ये असाल तर व्यवस्थापनाला आणि कुटुंबाला आधी विचारा. तिथे नोकरीला असाल तर हे काम ड्यूटीच्या वेळात करू नका आणि कामामुळे कळलेली आजारपणाची माहिती यात आणू नका. इथे ढिलाई केली तर नोकरी जाऊ शकते, आणि त्या माणसाचा विश्वासही.

यंत्र म्हणाल तर साधा फोन पुरतो. तो विमान मोडवर टाका, शक्य असेल तर वेव्ह (WAV) फाइलमध्ये रेकॉर्ड करा आणि शेजारी दुसरा फोन चालू ठेवा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसणं सगळ्यांत चांगलं, पण फ्रिजची घरघर आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घरात ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये येते. फोनखाली घडी घातलेलं टॉवेल ठेवा, म्हणजे कप ठेवल्याचा दणका बसणार नाही. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं आणि "रेकॉर्ड करायला तुमची हरकत नाही ना?" हा प्रश्न आवाजात येऊ द्या. पाऊण तासाला थांबा. ते "अजून बसू" म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी या.

कागदावर आवार काढून घ्या

खरं रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिला अर्धा तास मी एकही वैयक्तिक प्रश्न विचारत नाही. एक मोठा कोरा कागद आणि जाड पेन्सिल पुढे ठेवते आणि म्हणते, तुम्ही लहान असतानाचं शेतावरचं आवार इथे काढून दाखवा. घर, गोठा, विहीर, धान्याच्या कोठ्या, कोंबड्यांचं खुराडं, बाहेरचा संडास. वाऱ्याला अडवायला लावलेली झाडं कुठल्या बाजूला होती? इंडियन हेड इथली सरकारी रोपवाटिका १९०१ पासून २०१३ पर्यंत शेतकऱ्यांना झाडं पुरवत होती. कॅरागाना या काटक झुडपाची कुंपणं आणि मेपलच्या रांगा त्यातून उभ्या राहिल्या. आज घर पडून गेलेलं असतं, तरी माळावर कॅरागानाची सरळ रांग आणि लायलॅकचं झुडूप दिसलं की इथे कुणाचं तरी अंगण होतं हे कळतं.

पेन्सिल फिरते तसे प्रश्न विचारा. विहिरीपासून घर किती पावलं? पाणी कोण आणायचं? हिमवादळात घर आणि गोठ्यामध्ये दोर बांधायचात का? रात्री संडासला जायची भीती वाटायची का? गोठ्यातल्या घोड्यांची नावं काय होती? माणसांच्या नावात चूक होईल, घोड्यांच्या नावात सहसा होत नाही. आणि घोड्यांची नावं निघाली की ते कोण हाकायचं, कुणाला लाथ बसली, शेवटचा घोडा कुठल्या साली विकला आणि त्या दिवशी वडील काय म्हणाले, हे आपोआप येतं. हा नकाशा जपून ठेवा. पुढे तो कुटुंबाला सगळ्यांत मौल्यवान वाटतो.

दुसऱ्या बैठकीत शेतीचं एक वर्ष घ्या. मार्चपासून मार्चपर्यंत. बियाणं साफ करणं, दगड वेचणं, पेरणी, गारांची भीती, मळणी, धान्य एलिव्हेटरवर, म्हणजे रेल्वेलगतच्या उंच धान्यकोठारावर, नेणं. मळणीच्या टोळीतल्या माणसांना दिवसातून किती वेळा जेवायला लागायचं आणि ते कोण शिजवायचं, हे मुद्दाम विचारा. एलिव्हेटरवर गव्हाची प्रत ठरवताना वाद व्हायचे का, धान्य व्हीट पूलला द्यायचे की खाजगी कंपनीला, हेही विचारा. सस्कॅचेवान व्हीट पूल १९२४ पासून शेतकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्था होती. कोण पूलचा आणि कोण नाही, यावरून गावात तट असत. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिसऱ्या बैठकीत वळणं विचारा. वीज आली तो दिवस. पहिला कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र. शाळा बंद झाली तेव्हा. १९८१ साली व्याजाचे दर २० टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा कर्ज होतं का? धान्याच्या रेल्वेभाड्याची १८९७ पासूनची 'क्रो' सवलत १९९५ मध्ये संपली. त्याच सुमाराला फाट्यावरच्या रेल्वे लाइनी उखडल्या गेल्या आणि गावोगावचे लाकडी एलिव्हेटर पाडले गेले. तुमचा एलिव्हेटर पाडला तेव्हा बघायला गेला होतात का? या प्रश्नावर बरेचजण गप्प होतात. गप्प बसू द्या. पुढचा प्रश्न घाईने विचारू नका, बोलणं बहुतेक त्या शांततेनंतरच येतं.

बायकांचं काम त्यांच्या नावाने लिहा

या भागावर मला जास्त बोलायचं आहे, कारण जुन्या नोंदींत सगळ्यांत मोठं भगदाड इथे आहे. डोमिनियन लँड्स कायद्याखाली पुरुषाला एकट्याला होमस्टेड, म्हणजे दहा डॉलरचा तो क्वार्टर, मिळे. स्त्रीला ते साधारणपणे तेव्हाच मिळे, जेव्हा ती मुलाबाळांची विधवा, म्हणजे कुटुंबप्रमुख असे. त्यामुळे कागदोपत्री शेतकरी तो आणि ती त्याची बायको. गावाच्या पुस्तकात फोटोखाली तिचं स्वतःचं नावसुद्धा नसतं, नवऱ्याच्या नावामागे 'मिसेस' एवढंच असतं.

१९७३ मध्ये अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक यांचा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नवरा वर्षातले बरेच महिने कामासाठी बाहेर असायचा. गवत कापणं, ट्रक चालवणं, जनावरांना डाग देणं हे सगळं त्या करत. न्यायालयाने त्यांना रँचच्या, म्हणजे जनावरं पाळायच्या शेताच्या, मालकीत वाटा नाकारला. हे तर कुठलीही रँचवरची बायको करतेच, असं खालच्या न्यायाधीशांनी आधी म्हटलं होतं. त्यावर देशभर संताप उसळला आणि पुढच्या काही वर्षांत प्रांतांनी वैवाहिक मालमत्तेचे कायदे बदलले. आज नव्वदीत असलेल्या शेतकरी बायका तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. त्यांना तो खटला आठवतो. विचारा. तुमच्या घरात त्यावर काय बोलणं झालं?

मुलाखत जोडप्याची असेल तर दोघांना एकदा एकत्र आणि एकदा वेगवेगळं भेटा. एकत्र असताना तो बोलतो आणि ती तारखा दुरुस्त करते. एकटी असताना ती स्वतःचं सांगते: अंडी आणि साय विकून आलेले पैसे कुठे जायचे, सासूबरोबर एकाच घरात किती वर्षं काढली, शिकवायची नोकरी लग्नानंतर सोडावी लागली का, बाळंतपणाला दवाखाना किती मैलांवर होता. माहेरचं आडनाव आणि जन्मगाव न विसरता लिहून घ्या. "मी फक्त मदत करायचे" असं त्या म्हणाल्या तर ते काम एकेक करून मोजून घ्या. दिवसाला किती माणसांचं जेवण? किती गाईंची धार? कुठला ट्रक, किती गिअरचा?

ही जमीन आधी कुणाची होती

दहा डॉलरला मिळालेली जमीन रिकामी नव्हती. क्री, सॉल्टो, असिनिबॉइन आणि इतर मूळ रहिवासी लोकांबरोबर (फर्स्ट नेशन्सबरोबर) १८७४ मध्ये चौथा आणि १८७६ मध्ये सहावा तह झाला आणि त्यानंतर वसाहत झाली. या लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवरही शेती होती. तिथल्या शेतकऱ्यांना धान्य विकायला सरकारी एजंटाचा परवाना लागे. मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाची कुटुंबंही इथलीच. प्रेअरीच्या शेतकरी समाजाची आठवण म्हणजे केवळ युक्रेनियन, जर्मन, मेनोनाइट, आइसलँडिक, इंग्रज घरांची आठवण नव्हे. फर्स्ट नेशन्सच्या एखाद्या एल्डरकडे (समाजातल्या मानाच्या ज्येष्ठाकडे) जाणार असाल तर आधी त्यांच्या समाजातल्या कुणाला रीत विचारा. बऱ्याच ठिकाणी ज्ञान मागताना तंबाखू अर्पण करण्याची पद्धत आहे. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं, त्या रेसिडेन्शियल शाळेबद्दल स्वतःहून प्रश्न काढू नका. त्यांनी विषय काढला तर ऐका, आणि त्या रेकॉर्डिंगचं काय करायचं हे पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा.

गोऱ्या शेतकऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तुमच्या शेतात बाणांची टोकं किंवा जुने दगडी हातोडे सापडायचे का? नांगरताना ते निघत, अनेकांच्या घरी डब्यात आहेत. तिथून शेजारच्या राखीव जमिनीवरच्या लोकांशी संबंध कसा होता, हे बोलणं सरळपणे होऊ शकतं.

दुखऱ्या जागा आणि विसरलेल्या गोष्टी

शेतीत अपघात फार झाले. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात बाही अडकून हात गेलेले, धान्य वर चढवणाऱ्या ऑगर यंत्राच्या फिरत्या स्क्रूमध्ये बोटं गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. कर्जापायी शेत विकलेली घरं आहेत. एखाद्याने जीव दिलेला असतो आणि गावाने त्याला अपघात म्हटलेलं असतं. हे खणून काढायचं नाही. ते सांगू लागले तर "हे लिहू का?" असं तिथल्या तिथे विचारायचं आणि नाही म्हणाले तर त्यांच्यासमोर तो भाग पुसायचा.

स्मृती गेलेल्या माणसांबरोबर साल, नाव, क्रम विचारू नका. ती परीक्षा होते आणि माणूस कावराबावरा होतो. हातात काहीतरी द्या. मूठभर गहू, पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडर यंत्राच्या सुतळीचा तुकडा, पिठाच्या पोत्याचं कापड. गहू हातात आल्यावर अनेकजण दाणे चोळून, फुंकून दाताखाली घालतात. शेतावर कापणीची वेळ झाली का हे असंच बघत. त्या क्षणी दोन वाक्यं आली तरी ती लिहा. कधी माणूस लहानपणीच्या भाषेत शिरतो, युक्रेनियनमध्ये किंवा मेनोनाइटांच्या लो जर्मनमध्ये. आपल्याला कळत नाही म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नका. भाषा कुठली ते नोंदवा, समजणारं कुणीतरी पुढे मिळेल.

कागदपत्रांशी ताडून पाहणं

आठवणीतलं साल चुकतं, ऋतू सहसा चुकत नाही. म्हणून साल कुठल्यातरी घटनेला बांधा: १९५४ चा गव्हावरचा तांबेरा, १९६१ चा दुष्काळ, १९६२ चा डॉक्टरांचा संप, १९८८ चा दुष्काळ. ते त्याच्या आधी की नंतर, एवढं विचारलं की पुरतं.

मग कागद. १८७० ते १९३० मधल्या जमीनवाटपाच्या नोंदी लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. सस्कॅचेवानमधल्या होमस्टेडच्या मूळ फाइली प्रांताच्या अभिलेखागारात आहेत. त्यात पहिल्या घराची लांबी-रुंदी, किती एकर मोडली, किती जनावरं, हे त्या माणसाच्या सहीनिशी मिळतं. प्रेअरी प्रांतांची १९०६, १९१६ आणि १९२६ मध्ये वेगळी जनगणना झाली, तीही खुली आहे. १९३१ ची राष्ट्रीय जनगणना २०२३ मध्ये खुली झाली. कमिन्स कंपनीच्या जुन्या नकाशांवर प्रत्येक क्वार्टरवर मालकाचं नाव छापलेलं असतं. नावाची स्पेलिंगं हमखास बदललेली असतात, कारण स्लाव्हिक नावं कारकुनाने ऐकली तशी लिहिली. नाव सापडलं नाही तर जमिनीच्या पत्त्यावरून शोधा.

फोटोंचं काम कंटाळवाणं, पण आधी उरका. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा: कोण, डावीकडून उजवीकडे, कुठे, अंदाजे साल. ट्रॅक्टरची बनावट बघून साल काढून देणारे म्हातारे गावात असतात.

माणूस आधीच गेलेला असेल तरी वाट बंद होत नाही. सकाळी गावच्या कॅफेत किंवा को-ऑप म्हणजे सहकारी दुकानात म्हाताऱ्यांची बैठक जमते, तिला कॉफी रो म्हणतात. तिथे परवानगी घेऊन बसा. अंत्यविधीची छापील पत्रिका, वर्तमानपत्रातली निधनवार्ता आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शेत बंद करताना काढलेली लिलावाची जाहिरात मिळवा. त्यात ट्रॅक्टरपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं उतरवलेलं असतं. त्या यादीतली एकेक वस्तू मुलांना किंवा शेजाऱ्यांना वाचून दाखवा आणि "हे कोण वापरायचं?" एवढंच विचारा.

लिहिताना

आधी रेकॉर्डिंग शब्दशः उतरवा. मग त्यातून दोन-तीन पानांचा मजकूर काढा. निधनवार्तेची भाषा टाळा. "त्यांनी आयुष्यभर अपार कष्ट केले, ते प्रेमळ पिता व चांगले शेजारी होते, त्यांना कर्लिंग आवडे," हे प्रेअरीवरच्या कुणाबद्दलही लिहिता येईल. त्याऐवजी कसं लिहावं, याचा हा एक काल्पनिक नमुना:

"घरी वीज आली तेव्हा ते १८ वर्षांचे होते. वडिलांना गोठ्यात दिवा हवा होता, आईला पाण्याचा पंप. दिवा त्याच हिवाळ्यात लागला, पंप सहा वर्षांनी आला. मधली सहा वर्षं पाणी कोण आणायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, 'सकाळी आठ बादल्या मी, संध्याकाळी चार बहीण. तिला तेवढ्या का, हे तेव्हा मी भांडून विचारलं होतं.'"

यात कष्ट हा शब्द नाही, प्रेमळ हाही नाही. तरी घरात कुणाचं चालायचं, मुलगा कसा होता आणि आज तो ते कसं आठवतो, सगळं कळतं. त्यांची बोलण्याची ढब ठेवा. ते शेतीच्या मापात बोलत असतील तर बुशेल, एकर, मैल तसेच राहू द्या. मजकूर घरच्यांसाठी इंग्रजीतच लिहावा लागेल. स्वतःसाठी मराठीत लिहायचं असेल तर तेही करा, पण आधी त्यांचं पूर्ण करा.

मसुदा मोठ्या, १८ पॉइंटच्या टाइपात छापून त्यांना वाचून दाखवा. त्यांनी खोडलेलं खोडा. ही वाचनाची बैठक कधीही गाळू नका, कारण वाचताना ऐकून त्यांना आणखी आठवतं आणि पहिल्या वेळी राहिलेली सगळ्यांत चांगली गोष्ट बऱ्याचदा इथे निघते. म्हणून त्या दिवशीही फोन चालू ठेवा.

शेवटी प्रती करा. एक त्यांना, एक प्रत्येक मुलाला, एक गावच्या लायब्ररीला किंवा संग्रहालयाला. रेकॉर्डिंग, संमतिपत्र आणि आवाराचा नकाशा एकत्र ठेवून प्रांताच्या अभिलेखागाराला विचारा, ते घेतील का. फाइलच्या नावात जमिनीचा पत्ता, आडनाव आणि तारीख या क्रमाने घाला. काही भाग अमुक वर्षांपर्यंत बंद ठेवायचा असं ठरलं असेल तर ते वर्ष पाकिटावर आणि संमतिपत्रावर दोन्हीकडे लिहा आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या घ्या.